लिहून देणार

इलोंका साबादोश पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आली
तेव्हा तिचा भाडेकरार एका पानाचा होता.
नाव, भाडं, पाच तारखेच्या आत,
खाली सही. बाकी सगळं तोंडी.
टोलेडोत, नदीच्या पूर्वेला, एका छपराखाली दोन बिऱ्हाडं,
नवऱ्याच्या विम्याच्या पैशातून घेतलेली.
वकील म्हणाले, एवढ्यावर कोर्टात गेलात
तर जानेवारीत कोटाशिवाय बाहेर पडल्यासारखं होईल.
मी तेव्हा नवी होते. टाइप करत होते. हसले नाही.

त्यानंतरची बावीस वर्षं
तिच्या कराराला कलमं फुटत गेली,
आणि प्रत्येक कलमात मला एक माणूस दिसतो.

'वाहनाची दुरुस्ती आवारात करू नये':
हा ड्वेन. त्याच्या इंजिनाचं तेल
तीनदा रंग दिला तरी वर येतं.

'जबाबदारी संयुक्त आणि वैयक्तिक राहील':
या दोघी बहिणी. एक रात्रीत निघून गेली,
दुसरी दारात उभी राहून म्हणाली, माझं अर्धंच.
आता कोणीही जावो,
मागे उरेल त्याच्यावर पूर्ण.

कलम बारा मी वाचत नाही.
'मेणबत्ती' शब्द आला की पान उलटते.

कलम चौदा: 'वीस गॅलनहून मोठं मत्स्यालय ठेवू नये.'
हा टोबायस, वरच्या बिऱ्हाडातला, आईबरोबर राहायचा.
थंडीत काच तडकली,
खालच्या स्वयंपाकघराचं छत टेबलावर आलं.
दावा इलोंकाने जिंकला. पैसे कधी आले नाहीत.
आलं ते हे कलम.

एकदा न्यायाधीशांनी एक ओळ खोडली:
भाडं थकल्यास मालकीण कुलूप बदलेल, अशी.
कायद्यात बसत नाही, म्हणाल्या.
पण शेवटच्या पानावर मी दरवर्षी टाइप करते ना,
एखादं कलम रद्दबातल ठरलं
तरी उर्वरित कलमं अबाधित राहतील.
ते वाक्य मला आवडतं.
घटस्फोटाच्या वर्षी मी ते उगाचच दोनदा टाइप केलं होतं.

गेल्या शरदात तिने घर विकलं. गुडघे.
नोव्हेंबरात आली, हातात तपकिरी पाकीट:
म्हाताऱ्यांच्या इमारतीतली एक खोली, एकतीस पानं.
'वाच आणि सांग, मला कुठे गाठलंय यांनी.'
जन्मभर लिहून घेणार होती,
आता लिहून देणार.

मी वाचत गेले. अकराव्या पानावर थांबले.
मत्स्यालय. वीस गॅलन. शब्दाला शब्द,
आणि 'गॅलन'च्या स्पेलिंगमध्ये
माझीच जुनी चूक, एक 'एल' कमी.
कोणी कोणाचा करार उतरवून घेतला,
कोणाच्या हातून कोणाकडे गेला, देव जाणे.
मी बोट ठेवलं. तिने चष्मा लावला.

बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, 'तो पोरगा अनवाणी होता. काचांत.
ओंजळीत एक मासा,
आणि मला विचारत होता, बादली आहे का.'

होती?

'होती की. जिन्याखालीच.
पण मी आधी फोटो काढले.
तुमच्या वकिलांनीच सांगितलं होतं,
काही झालं की आधी फोटो.'

खरं होतं. सांगितलं होतं.
मीच त्या फोटोंवर क्रमांक घातले होते, एक ते चौदा,
आणि मासा एकातही नव्हता.

समासात आद्याक्षरं लागतात, मी म्हटलं, प्रत्येक पानावर.
तिने केली. इ. सा.
पेन नीट उमटेना,
म्हणून पुन्हा, जरा दाबून.